लिफ्टची पाटी उतरवा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या लिफ्टबाहेर एक पाटी आता सर्रास दिसते. कुठे ती स्टीलची, कोरीव अक्षरांची असते, तर कुठे बटणाच्या वर सेलोटेपने चिकटवलेला लॅमिनेट केलेला कागद. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: ‘कामवाल्या, ड्रायव्हर, डिलिव्हरी बॉय यांनी मेन लिफ्ट वापरू नये. सर्व्हिस लिफ्ट वापरावी. आढळल्यास दंड.’ काही ठिकाणी दंडाचा आकडाही छापलेला असतो, १००० रुपये. घरोघरची धुणीभांडी करून महिनाअखेर जे पैसे हातात पडतात, त्यांतले हजार रुपये द्यायचे आणि गुन्हा काय, तर नवव्या मजल्यावरच्या कामाला वेळेत पोचणं.

छताची गळती, पार्किंगची भांडणं, उन्हाळ्यातले टँकर, रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर सुरू होणारं ड्रिलिंग, थकलेला मेंटेनन्स. संकुलात राहणाऱ्याला या कटकटी नव्याने सांगायला नकोत. त्यांचा जाच सभासदाला होतो, म्हणून त्यांवर सभा भरतात, आवाज चढतात आणि कधी ना कधी मार्गही निघतो. पाटीचा जाच मात्र ज्यांना सभेत खुर्चीच नाही त्यांना होतो. म्हणून गळती दोन पावसाळ्यांत थांबते आणि पाटी वर्षानुवर्षं टिकते.

लिफ्टच्या आत आणखी एक पाटी असते. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो.’ आपल्याकडे लिफ्टची क्षमता काढताना माणशी ६८ किलो वजन धरतात. म्हणून सहा जणांच्या लिफ्टवर ४०८ आणि आठ जणांच्या लिफ्टवर ५४४ हा आकडा येतो. यंत्राला माणसाबद्दल एवढीच माहिती लागते. लिफ्टसाठी महाराष्ट्रात पूर्वी १९३९चा कायदा होता, आता २०१७चा आहे. परवाना, तपासणी, दोर, दरवाजे, ब्रेक ही या कायद्यांची काळजी. आत उभ्या असलेल्या माणसाचा धंदा कोणता, हा तपासणीचा विषय नाही. तो विषय बाहेरच्या पाटीने काढला.

बाहेरची पाटी नवी असली तरी तिचं घराणं जुनं आहे. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे गोल फिरत वर जाणारे लोखंडी जिने काही ठिकाणी अजून उभे आहेत. चाळीतला सामायिक संडास जाऊन ब्लॉकच्या आत स्वतःचा संडास आला, तेव्हा मध्यमवर्गापुढे एक प्रश्न उभा राहिला. संडास घरात हवा होता, पण तो धुवायला येणारा माणूस घरातून जायला नको होता. मग मागून वेगळा जिना आला आणि मोरी-संडासाकडे उघडणारा वेगळा दरवाजा आला. सफाईला येणारा मागून चढायचा, काम करायचा आणि मागूनच उतरायचा. घरातल्या कुणाच्या नजरेला तो पडू नये, अशीच ती रचना होती. आजच्या मनोऱ्यात तो जिना बांधत नाहीत. त्याचं काम सर्व्हिस लिफ्टकडे दिलेलं आहे.

याच महाराष्ट्रात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर विरोधकांनी तळ्याचं शुद्धीकरण उरकलं. या तारखा संकुलातल्या मुलांना पाठ असतात, कारण त्या परीक्षेला येतात. तीच मुलं दप्तर घेऊन खाली येतात तेव्हा बटणाच्या वरची पाटी वाचतात.

पाटीत जातीचं नाव नसतं हे खरं. तिथे कामाचं नाव असतं. पण भांडी घासायला, लादी पुसायला, संडास धुवायला कोणत्या वस्त्यांतल्या, कोणत्या समाजांतल्या बाया येतात, हे या राज्यात कुणाला विचारावं लागत नाही. कामाचं नाव लिहिलं की जातीचं नाव लिहिण्याचे कष्ट वाचतात. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध ठरवलं. ‘कोणत्याही स्वरूपातलं’ हे शब्द पाटी लिहिणाऱ्यांनी पुन्हा एकदा वाचावेत.

आता या पाटीची किंमत मोजू. सर्व्हिस लिफ्ट बहुतेक विंगमध्ये एकच असते. आतून प्लायवूडचे तक्ते ठोकलेले असतात आणि पंखा बंद असतो. कुणाचं फर्निचर येत असतं, कुणाच्या बाथरूमचं रॅबिट निघत असतं, सकाळी कचऱ्याचे पिंप उतरत असतात. एका बाईने एका संकुलात पाच घरं धरली आहेत असं समजू. प्रत्येक घरी जाताना आणि येताना आठ मिनिटं खोळंबा धरला तर दिवसाची ८० मिनिटं झाली. महिन्याच्या २६ दिवसांचे जवळजवळ ३५ तास होतात. या ३५ तासांचा पैसा तिला कुणी देत नाही. उलट पाचव्या घरी पोचायला उशीर झाला की ऐकून तिलाच घ्यावं लागतं.

सर्व्हिस लिफ्ट बंद असली की जिना. मजल्याची उंची तीन मीटर आणि पायऱ्या अठरा धरल्या, तर नववा मजला म्हणजे १६२ पायऱ्या. वेगवेगळ्या विंगमधल्या अशा तीन घरांसाठी रोजच्या ४८६ पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. चढाईच मोजली तर दिवसाला ८१ मीटर, महिन्याला २१०६ मीटर भरते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. महिन्याच्या एकविसाव्या कामाच्या दिवशी ही बाई ती उंची ओलांडून जाते, तेही गुडघ्याला पट्टा बांधून आणि पुढच्या घरचा ओटा आवरायचा बाकी असताना. शेजारी मेन लिफ्ट रिकामी वर-खाली करत असते.

पाटीचं खरं रूप मात्र आकड्यांत तितकं दिसत नाही, ते दुपारी साडेतीन वाजता दिसतं. चौदाव्या मजल्यावरचं दोन वर्षांचं बाळ बागेत न्यायचं असतं. बाई ते कडेवर घेऊन मेन लिफ्टने खाली येते आणि वॉचमन काही बोलत नाही. तासाभराने बाळाला वर घेऊन जाते, तेव्हाही मेन लिफ्टच. बाळ आईच्या हवाली करून ती घरी निघते, बाहेर येते, बटण दाबते, आणि आत उभे असलेले सभासद तिला सांगतात, “मावशी, तुमची लिफ्ट पलीकडे.” आजोबांची व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाचंही तसंच. खुर्चीत आजोबा असले तर त्याला वाट आहे, आजोबांचं औषध आणायला तो एकटा निघाला तर नाही. बाई तीच, हात तेच, तासाभरात अंगाला कुठलीही नवी घाण लागलेली नाही. फरक एवढाच की पहिल्या वेळी ती सभासदाचं सामान वाहत होती आणि दुसऱ्या वेळी ती स्वतःपुरती माणूस होती. पाटीला नेमकं हे दुसरं खपत नाही.

कुत्र्यांचा प्रश्न यापूर्वीच सुटलेला आहे. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे संकुलात कुत्र्याच्या लिफ्टप्रवासाला लेखी आधार आहे. त्याला फिरवायला नेणाऱ्या पोराला तो नाही.

पाटीच्या समर्थनार्थ जे सांगितलं जातं ते ठराविक आहे. पहिलं कारण वासाचं. कचऱ्याचा डबा, ओला माल, सिमेंटची गोणी सर्व्हिस लिफ्टने जावी, हा नियम रास्त आहे आणि तो सर्वांना लागू करावा. तो वस्तूंचा नियम आहे. पाटीवर कुठल्याही वस्तूचं नाव नसतं, नाव माणसांचं असतं. जिममधून घामाने निथळत येणारा सभासद, सुकटीची पिशवी घेऊन बाजारातून येणारा सभासद, पावसात भिजून लिफ्टभर थारोळं करणारा सभासद, यांच्यासाठी पाटी लागलेली नाही.

दुसरं कारण सुरक्षेचं. या बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं असतं. गेटवर तिचा फोटो असतो, ती आत आल्याचा संदेश सभासदाच्या मोबाईलवर पडतो, जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. बहुतेक घरांत दिवसभर माणूस नसतं, म्हणून घराची किल्लीही तिच्याकडे असते. कपाट, देवघर, झोपलेलं मूल, अंथरुणाला खिळलेली आजी, सगळं तिच्या भरवशावर टाकून लोक कामावर जातात. ज्यांना घरात तिची भीती वाटत नाही, त्यांना लिफ्टमध्ये चाळीस सेकंद ती का वाटावी, याचं उत्तर कोणत्याही कमिटीने अजून दिलेलं नाही.

तिसरं कारण सकाळच्या गर्दीचं. शाळेच्या बस आणि ऑफिसला निघणारे यांची वेळ एकच, हे मान्य. अशा वेळी रांग लावतात. जो आधी आला तो आधी गेला, एवढी साधी ही गोष्ट आहे आणि रेशनच्या दुकानापासून लोकलच्या तिकिटापर्यंत सगळीकडे ती चालते. घाई असलेल्या सभासदाला सर्व्हिस लिफ्टने जायला कुणी मनाई केलेली नाही.

“त्यांनाच तिकडे मोकळं वाटतं” हे चौथं कारण, आणि सगळ्यांत चीड आणणारंही. आपण शिरताच बायका पदर सावरतात, नाक मुरडतात, आरशात बघू लागतात, अशा डब्यात कुणालाच मोकळं वाटणार नाही. तसं वाटू नये याची व्यवस्था आधी करायची आणि मग तीच तिची आवड म्हणून सांगायची, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. खरंच आवड असेल तर पाटीची गरज काय? ती काढून सहा महिने वाट पाहावी.

शेवटी येतं ते “आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो”. दिवाळीला साडी दिली जाते, मुलीच्या फीला हातभार लावला जातो. ज्यांनी तो लावला त्यांचं मोल कमी नाही. पण त्याच घरांत सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी एक वेगळा कप असतो. घरच्या माणसाचा कप तिथे ठेवत नाहीत. पाटी ही त्या कपाची सार्वजनिक आवृत्ती आहे. कप एका घराची लाज आहे, तर पाटी सगळ्या संस्थेच्या नावाने लागलेली आहे.

आता पैशाचं आणि अधिकाराचं. आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांमध्ये सारखा वाटला जातो, मग कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो. म्हणजे तो खर्च माणसागणिक नसून घरागणिक आहे. अकराव्या मजल्यावरच्या घरात स्वयंपाक करायला जी बाई जाते ती त्या घराच्या कामासाठी जाते, आणि तिच्या प्रवासाचे पैसे त्या घराने मेंटेनन्समध्ये भरलेले असतात. भरलेल्या पैशांची सेवा नाकारण्याचा अधिकार सेक्रेटरीच्या सहीला कुठून आला? उपविधी सभासदांना बांधतात. घरकामगार सभासद नसते, तिच्याकडून दंड घेण्याचा आधार त्यांत नाही. पुष्कळ ठिकाणी तर पाटीमागे सर्वसाधारण सभेचा ठरावही नसतो. कमिटीतल्या दोघा-तिघांच्या बोलण्यातून ती उगवलेली असते.

राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने घरकामगार महिलेचा समावेश केला आणि राहतं घर हे तिचं कामाचं ठिकाण मानलं. कायद्याच्या नजरेत ती कामगार आहे आणि अकरावा मजला तिची कामाची जागा आहे. कारखान्यात कामगाराला यंत्रापर्यंत पोचण्यासाठी आडवाट दाखवली असती, तर दुसऱ्या दिवशी फाटकाशी सभा झाली असती. इथे सभा होत नाही, कारण एका घरात एकच कामगार असते आणि तिला उद्या बदलता येतं.

सहकारी संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभासदांना १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीत विषय यावा म्हणून तो सेक्रेटरीकडे आधी लेखी द्यायला हवा. ज्यांच्या संकुलात अशी पाटी आहे त्यांनी या वर्षी तो द्यावा, शेजारच्या दोन घरांच्या सह्या घ्याव्यात आणि पोच घ्यायला विसरू नये. ठरावाचा मजकूर असा: ‘इमारतीतील सर्व लिफ्ट, तेथे राहणाऱ्या व काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस खुल्या राहतील. अवजड सामान व कचरा केवळ सर्व्हिस लिफ्टने न्यावा. हा नियम सभासदांसह सर्वांना लागू राहील. याविरुद्ध लावलेल्या सर्व पाट्या आजच्या आज काढून टाकण्यात याव्यात.’