प्रथिन सुधारेल, बोंडातील सरकीचे काय?

सिलतरा म्हटले की लोखंडाच्या भट्ट्याच आठवतात. त्याच रायपूर जिल्ह्यात, बरोंडा येथे, पिकांवरील कीड-रोगांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ती राष्ट्राला समर्पित झाली. अळ्यांना मारक ठरणाऱ्या जिवाणूजन्य प्रथिनांची शक्ती वाढविण्याचे प्रयोग जगभर चालू असताना अशा संस्थांनी शेजारच्या विदर्भातील कपाशीचा अनुभव प्रथम विचारात घ्यावयास हवा.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तेथील विकरांनी कापले जाते, आतड्याच्या पेशींवरील ग्राहींना चिकटते आणि पेशीपटलाला छिद्रे पाडते. ग्राहीच बदलला तर पुढचे सारे थांबते. भारतातील गुलाबी बोंडअळीत नेमके हेच घडले. क्राय१एसी प्रथिनाविरुद्धच्या प्रतिकारात कॅडहेरिन हा ग्राही बिघडलेला आढळला, तर क्राय२एबीविरुद्धच्या प्रतिकारात एबीसीए२ हे वाहक प्रथिन. २००२ मध्ये एक जनुक असलेली बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्याने बोंड फोडले तेव्हा आत अळी होतीच.

यावर संशोधकांचे उत्तर बुद्धिमान आहे. २००७ मध्ये मेक्सिको व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रथिनाच्या सुरुवातीचा लहानसा भाग वगळला. त्यामुळे कॅडहेरिनची गरज टळली व प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळीही मेली. मात्र अशी सुधारित प्रथिने संवेदनशील अळ्यांवर मूळ प्रथिनापेक्षा कमी प्रभावी ठरल्याचेही पुढे दिसले. शिवाय कॅडहेरिनचा अडसर दूर केल्याने एबीसीए२चा अडसर दूर होत नाही, ही बाब उत्साहाच्या भरात विसरली जाते.

त्याहून मोठा प्रश्न बियाण्याचा आहे. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांत दिली गेली. संकरित झाडाला बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळाले असेल, तर त्याच्या बोंडातील सुमारे चौथा हिस्सा सरकीत ते जनुक नसते. गुलाबी बोंडअळीचे खाद्य तर हीच सरकी. एकाच बोंडात विषारी व निर्विष दाणे शेजारी असतील, तर अर्धवट मात्रा पचवून अळी तगते. प्रथिन कितीही धारदार केले तरी ही वाट बंद होत नाही. त्यात ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबतचे १२० ग्रॅम बिगर-बीटी पाकीट अनेकदा पेरलेच गेले नाही, आणि फरदडीमुळे अळीला हंगामानंतरही अन्न मिळत राहिले. याचा दोष केवळ शेतकऱ्याला देणे अन्यायाचे आहे; ज्या पाकिटातून उत्पन्न नाही त्यासाठी जमीन अडवून ठेवा, असे अल्पभूधारकास सांगणे सोपे असते. अमेरिकेने बीटी कपाशीला बिगर-बीटी आश्रयक्षेत्र, वंध्य पतंगांचे प्रसारण व पिकाचे अवशेष नष्ट करणे यांची जोड दिली. तेथील कापूस पट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले.

म्हणून सुधारित प्रथिनाच्या कोणत्याही प्रस्तावासोबत दोन चाचण्यांचे निष्कर्ष बंधनकारक असावेत: प्रयोगशाळेत पोसलेल्या अळ्यांऐवजी यवतमाळ-अकोल्याच्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांवरील, आणि प्रत्येक सरकीत जनुक असणाऱ्या सरळ वाणांतील.