भात कापलेलं शेत खरंच रिकामं असतं का? खांबच्या शिवारातले पाहुणे आणि त्यांची न लिहिलेली यादी

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकलं की कोलाडच्या आधी खांब लागतं. रोहा तालुक्यातलं हे गाव बाहेरच्या अनेकांनी पाहिलंय ते गाडीच्या काचेतून, तेही वैतागून. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली आणि पुढची कित्येक वर्षं सोशल मीडियावर या रस्त्याचे फक्त खड्डेच व्हायरल होत राहिले.

रस्त्यापासून थोडं आत, बांधावर मात्र हिवाळ्यात वेगळीच वर्दळ असते. भात कापून झालेलं असतं, वालाच्या शेंगा भरू लागतात, पोपटीचे बेत ठरतात. त्याच दिवसांत रायगडच्या शेतांत शेपटी वरखाली करत चालणारे धोबी, तारेवर किंवा काडीच्या टोकावर बसणारे गप्पीदास आणि ओल धरून राहिलेल्या जागी तुतवार दिसू लागतात. शेतावरून अगदी खालून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या असू शकतो. यातले बरेच जण मध्य आशिया, सायबेरिया किंवा हिमालयाकडून आलेले असतात. सुमारे 30 देशांवरून जाणाऱ्या त्यांच्या हवाई वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात.

मग पक्षी बघायला सगळे कर्नाळ्यालाच का जातात?

कारण ते सोपं आहे. 1968 मध्ये जाहीर झालेलं कर्नाळा पक्षी अभयारण्य याच महामार्गावर, पनवेल आणि पेणच्या मध्ये आहे. आधी जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर असलेलं हे क्षेत्र 2003 मध्ये सुमारे 12 चौरस किलोमीटर झालं. दक्षिणेला मुरूड-रोह्याच्या बाजूला फणसाड अभयारण्य आहे, 1986 पासून. दोन्ही ठिकाणी पायवाटा आहेत, पाट्या आहेत आणि पक्षीमित्रांची ये-जा आहे.

अडचण अशी की ही दोन्ही जंगलं आहेत. गप्पीदास आणि भोवत्याला जंगल नको, मोकळं रान हवं. ते राहतात खांबसारख्या गावांच्या शिवारात, आणि तिथे पाटी लावणारं कुणी नाही.

हे का महत्त्वाचं, ते ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालातून कळतं. सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदींतून 942 प्रजातींचा अंदाज घेतला गेला. दीर्घकालीन कल सांगता आला तो 338 प्रजातींचा, आणि त्यातल्या 60 टक्के घटलेल्या निघाल्या. लांबून येणारे स्थलांतरित आणि मोकळ्या रानातले पक्षी यांची अवस्था विशेष वाईट. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीलपंखाचाही धोक्याचा दर्जा पुन्हा तपासावा, अशी शिफारस त्यात आहे. कोकिळा आणि मोरांचं मात्र बरं चाललंय.

एवढं सगळं कळतं कशावरून? समजा, एका भागातून 100 याद्या आल्या आणि त्यातल्या 40 मध्ये पिवळा धोबी आहे. दहा वर्षांनी तेवढ्याच याद्यांत तो 20 वेळा आला, तर काहीतरी बिघडलंय. पण हे गणित जमायला याद्या पूर्ण हव्यात. कावळा, साळुंकी, बगळा, सगळे लिहायचे. फक्त दुर्मीळ पक्ष्याची नोंद केली तर बाकीचे नव्हते की लिहिले नाहीत, हे कळायला मार्ग नसतो. इन्स्टाग्रामवरचा सुंदर फोटो इथेच कमी पडतो: कधी, कुठे आणि किती, ही माहिती सोबत नसेल तर तो अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नाही.

खांबच्या बाबतीत प्रश्न जमिनीचाही आहे. धाटाव आणि नागोठण्याचा औद्योगिक पट्टा जवळ आहे, रोहा-मुरूड भागात बल्क ड्रग पार्कचा प्रस्ताव येऊन विरोधामुळे गाजला आहे. अशा वेळी भात कापलेली जमीन कागदावर सहज 'रिकामी' ठरते. तिथे दर हिवाळ्यात कोण उतरतं, याची नोंद नसेल तर हरकत घ्यायची कशाच्या आधारावर? जैविक विविधता कायदा, 2002 नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. शिवारातल्या पक्ष्यांची नावं त्यात हक्काने लिहिता येतात. अर्थात अनेक नोंदवह्या एकदा भरल्या की कपाटातच राहतात, हेही खरं.

याच जिल्ह्यात एक उदाहरण आहे. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचं गाजलेलं निरीक्षण अलिबागजवळच्या किहीममध्ये केलं, 1930 च्या सुमारास. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आणि किहीम काही अभयारण्य नव्हतं.

सुरुवात करायची तर फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. भारतात तो 2013 पासून होतो. कुठेही किमान 15 मिनिटं थांबायचं, दिसलेले आणि ऐकलेले सगळे पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्डवर टाकायची. तिथे मराठी नावंही मिळतात. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका आणि घरट्याचं लोकेशन पोस्ट करू नका. फेब्रुवारी हुकला तरी हरकत नाही, धोबी मार्चमध्येही शेतात असतात.