पंच्याऐंशी टक्के

परीक्षेत ८५ टक्के गुण मिळाले, की घरात पेढे वाटले जातात. त्रिगुणी लसीच्या परीक्षेत २०२४ साली जगाला नेमके तेवढेच गुण पडले. म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासून राखणारे तिन्ही डोस शंभरांतल्या ८५ बाळांना मिळाले. तरीही, वाचकहो, मला काही पेढे वाटावेसे वाटत नाहीत.

कृतघ्नपणा नको, म्हणून आधी चांगले सांगतो. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतले, तेव्हा शंभरांतल्या पाच बाळांनाही या लसी मिळत नव्हत्या. आपल्याकडे १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. देवीचे व्रण तर आता आजीच्या दंडावरच पाहायचे!

मोजदाद तिसऱ्या डोसाची करतात, यात मोठे शहाणपण आहे. पहिल्या डोसाला बाळ कोणीही उचलून आणील. पण तिसऱ्यांदा आणायचे, तर दवाखाना जवळ हवा, लस थंड पेटीत टिकलेली हवी आणि आईची त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये.

उरलेल्या पंधरांतल्या बहुतेकांना एकही डोस मिळालेला नाही. २०२४ साली अशी बाळे जगात १ कोटी ४३ लाख होती. नायजेरियात होती, युद्धाने होरपळणाऱ्या सुदानात होती, आणि आपल्या देशातही लाखांनी होती.

गोवर तर ८५ टक्क्यांना भीकच घालत नाही. त्याला थोपवायला ९५ टक्के मुलांना दोन डोस हवेत. २०२४ साली दुसरा डोस जगातल्या ७६ टक्के मुलांनाच मिळाला. श्रीमंतांनाही यातून सुटका नाही. १९९८ साली गोवर हद्दपार करणाऱ्या कॅनडाने ते बिरुद २०२५च्या नोव्हेंबरात गमावले. लस न घेतलेल्या वस्त्यांतून तो वर्षभर फिरत राहिला होता.

तेव्हा भाऊबीजेला भाचरे-नातवंडे जमतील, त्या वेळी त्यांच्या लसीकरणाच्या कार्डांवरून नजर फिरवा. गोवराचा दुसरा डोस दीड-दोन वर्षांच्या वयात असतो, आणि मूल धडधाकट दिसते म्हणून तोच राहून जातो. धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या बाळाचीही चौकशी करा, आणि टोचण्याच्या दिवशी त्यांना पगार न कापता सुट्टी द्या. पंधरांतले एक बाळ तेवढ्याने ८५ मध्ये येईल.