मागच्या सीटचा हक्क

रविवारी तांबडे फुटण्यापूर्वीच शहरांच्या वेशीवरील पेट्रोल पंपांवर एक निराळी लगबग दिसू लागते. अंगात जाडसर जाकीट, हातात मोजे, डोक्याला हेल्मेट अशा वेषातील मंडळी मोटारसायकलींच्या टाक्या भरून घेत असतात. पुण्याचे स्वार ताम्हिणी घाटाकडे निघतात, इंदूरचे मांडूकडे, बडोद्याचे पावागडाकडे, बंगळूरचे नंदी टेकडीकडे. दिल्लीकरांना मुरथलचे पराठे साद घालतात. त्याच वेळी त्यांच्या घरी दूध तापविण्यासाठी, आजोबांच्या औषधांसाठी आणि मुलांच्या अर्धवट राहिलेल्या गृहपाठासाठी दुसरे कोणीतरी उठलेले असते. मोटारसायकलचा छंद चांगला की वाईट, हा वाद निष्फळ आहे. त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर नावे पडतो, हे मात्र विचारले पाहिजे.

एके काळी असा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण दुचाकी ही साऱ्या घराची असे. १९५५ साली मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली, पुढे म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि येझदी बाहेर पडू लागल्या, १९७२ साली बजाजची चेतक आली. नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. गाडी दाराशी आली की हार घालून पेढे वाटले जात, कारण ते अवघ्या कुटुंबाचे वाहन असे. पुढे मूल उभे, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटे, असा संसार एका गाडीवर बसून नातेवाइकांच्या लग्नाला जाई. ते धोक्याचे होते यात शंका नाही. परंतु घरातील प्रत्येकाचा त्या गाडीवर हक्क होता.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० रस्त्यावर आली, २००१ साली पल्सर आली, आणि दुचाकीचे स्वरूप पालटत गेले. मध्यमवर्गाच्या दारात कुटुंबासाठी चारचाकी उभी राहिली आणि मोटारसायकल ही 'माझी' वस्तू झाली. कर्जाची सोय वाढली, महिन्याच्या हप्त्यावर मनाजोगती गाडी मिळू लागली. यात गैर काहीच नाही. परंतु घराची वस्तू एकट्याची झाली, तेव्हा तिचा हिशोब घरापुढे मांडण्याची रीतही मागे पडली.

प्रथम या छंदाची जमेची बाजू नीट पाहिली पाहिजे. घाटातील वळणावर स्वाराला दुसरा विचार करण्याची मुभा नसते. रस्त्यावरील वाळू, समोरून येणारी बस, गिअर, ब्रेक आणि स्वतःचा तोल यांपलीकडे त्याच्या मनात काही उरत नाही. आठवडाभर संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या, भ्रमणध्वनीने क्षणोक्षणी विचलित होणाऱ्या माणसाला अशी एकाग्रता दुर्मीळ झाली आहे. चार तासांच्या रपेटीनंतर परतलेला माणूस घरच्यांशी अधिक मोकळेपणाने बोलतो, हा अनेक घरांतील अनुभव आहे. सोबतच्या स्वारांमध्ये हुद्दा, वय आणि भाषा यांची बंधने गळून पडतात. पंक्चर झालेल्या अनोळखी स्वारासाठी थांबण्याची त्यांची रीत तर कोणीही अनुकरण करावे अशीच आहे.

आता नावेची बाजू. वर्षात रविवार ५२. महिन्यातून दोनदा फेरी झाली तर त्यांतील २४ गेले. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी २०१५ पासून बँकांना सुटी असते, तशीच इतर अनेक कार्यालयांनाही शनिवारी असते. परंतु त्या दिवशी गाडीची धुलाई, साखळीला तेल आणि टायरमधील हवा यांचाच मान पहिला असतो. पैशाचे गणितही करून पाहावे. २५० किलोमीटरची फेरी, लिटरमागे ३० किलोमीटरची सरासरी आणि पेट्रोलचा दर शंभर रुपये धरला, तर एका फेरीला सुमारे ८३० रुपयांचे पेट्रोल लागते. २४ फेऱ्यांचे झाले वीस हजार. न्याहारी, सर्व्हिसिंग, टायर आणि कर्जाचा हप्ता निराळा. ही रक्कम अनेक घरांना झेपण्याजोगी आहे. अडचण रकमेची क्वचितच असते. ती ठरविताना घरात कोणाला विचारले गेले नाही, ही सल अधिक खोल असते. आणि ज्या गृहिणीला किंवा नोकरी करणाऱ्या पत्नीला स्वतःचा म्हणावा असा वर्षातील एकही रविवार नाही, तिच्या दृष्टीने प्रश्न पेट्रोलचा नसतोच.

तथापि वेळ आणि पैसा यांची भरपाई होऊ शकते. तिसऱ्या रकान्यातील नोंदीची होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७ जण होते. आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणण्याची पद्धत नाही. 'येतो' असेच म्हणावयाचे. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला दिलेले ते वचन असते. ते पाळण्याची तयारी गाडीला किल्ली लावण्यापूर्वीच झालेली असावी.

ही तयारी दोन प्रकारची आहे. पहिली रस्त्यावरची. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट आणि त्याचा हनुवटीखाली घट्ट बसविलेला पट्टा, वेगाचा संयम, पहिल्या पावसातील निसरड्या घाटाला दिलेला नकार, अंधार पडण्यापूर्वी घरी परतण्याचा नियम. जाणता स्वार हे सारे पाळतोच. दुसरी तयारी कागदावरची आहे आणि तिथे मात्र जाणते स्वारही मागे राहतात. २०१८ सालापासून नव्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे आपला सगळाच विमा पाच वर्षांचा आहे, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा विमा अनेकदा एकाच वर्षाचा असतो. वैयक्तिक अपघात विम्याची १५ लाखांची तरतूद मालक-चालकासाठी आहे, वाहन परवाना वैध असेल तरच ती उपयोगी पडते, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीला ती आपोआप लागू होत नाही. त्या व्यक्तीसाठी स्वतंत्र तरतूद करावी लागते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. एका फेरीतील चहाच्या खर्चाएवढा हा हप्ता आहे.

नामनिर्देशनाची गोष्टही तशीच. बँकेच्या खिडकीशी कधी कधी अशी एखादी तरुण स्त्री येऊन उभी राहते, जिला पतीचे खाते कोणत्या शाखेत आहे एवढेच ठाऊक असते. खात्याला वारसनोंद लग्नापूर्वीची असते किंवा मुळीच नसते. विम्याचा कागद कोणत्या कपाटात आहे ते माहीत नसते, आणि गाडीच्या कर्जाच्या हप्त्याची तारीख मात्र ठरल्या दिवशी येते. दुःखाच्या दिवसांत तिला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवखात्यांसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, म्हणजे पत्नी आणि वृद्ध आई-वडील या सर्वांची नावे देता येतात. अर्ज भरण्यास काही मिनिटे पुरतात. तरीही तो भरला जात नाही, कारण या विषयावर घरात बोलणे अशुभ मानले जाते. अशुभाचा उच्चार टाळल्याने अशुभ टळत नाही; एकदा शांतपणे बोलून, कागद एका फाइलमध्ये ठेवून आणि ती फाइल कोठे आहे हे घरी सांगून ठेवल्यास रविवारची पहाट दोघांनाही हलकी होते.

काही घरे यावर सरळ बंदीचा उपाय करतात. मूल झाले की गाडीवर आच्छादन चढते, पुढे ती कमी किमतीत विकली जाते. वरकरणी प्रश्न मिटतो. परंतु आवड दडपलेला माणूस चिडचिडा होतो, किंवा मित्राच्या गाडीवर चोरून फेरी मारू लागतो. तेव्हा तो कोठे आहे हेही घरी ठाऊक नसते. बंदीपेक्षा करार बरा. महिन्याला किती फेऱ्या, परतण्याची वेळ कोणती, थांबल्यावर फोन कोणाला आणि त्या बदल्यात पत्नीचा हक्काचा रविवार कोणता, हे एकदा ठरून जावे. पत्नीलाच गाडी चालविण्याची हौस असेल, तर हीच कलमे पतीने पाळावीत.

या करारात मागच्या सीटचा उल्लेख अवश्य असावा. अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग यांनी १९६८ साली आपल्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारसायकलने प्रवास केला. त्यावर आधारलेले त्यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. यंत्र, मन आणि गुणवत्ता यांवर वडील शेकडो मैल चिंतन करीत राहतात. पुस्तकाच्या अखेरीस मुलगा पायटेकूंवर उभा राहतो, आणि वडिलांच्या खांद्यावरून समोरचा रस्ता त्याला प्रथमच दिसतो. तोपर्यंत त्याच्या वाट्याला केवळ त्यांची पाठ आलेली असते. कित्येक छंदवेड्यांच्या घरच्या मंडळींना त्या मुलाची अवस्था उमगेल.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसता येते, आणि चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांखालील मुलासाठी २०२३ पासून सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. म्हणजे तान्ह्या मुलाला घेऊन महामार्गावर जाणे नकोच. चौघांचे कुटुंब एका गाडीवर जाऊ शकत नाही, हे खरे. परंतु पाळी लावता येते. एका महिन्यात कन्येची, दुसऱ्यात पत्नीची, आणि प्रकृती साथ देत असेल तर एखाद्या निवांत सकाळी, जवळच्या देवळापर्यंत, वडिलांची. त्या दिवशी ठिकाण मागे बसणाऱ्याने निवडावे, थांबावयाचे कोठे तेही त्यानेच सांगावे, वेग त्याला सोसेल तितकाच ठेवावा. त्याच्या मापाचे चांगले हेल्मेट त्याआधी घरात आलेले असावे आणि विम्यात त्याची तरतूद झालेली असावी. शंभर किलोमीटरची फेरी चाळीसवर आली तरी बिघडत नाही.