क्ष-किरणांच्या खोलीचे दार

अणुशक्ती आणि किरणोत्सर्ग या विषयावर लिहायला मी काही विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा 'हिला यातले काय कळते?' असे कोणी विचारले तर मी रागावणार नाही. परंतु हा प्रश्न विज्ञानाचा आहे तितकाच कारभाराचाही आहे, आणि कारभार म्हणजे काय हे आमच्या घरातल्या माणसांना पुस्तकाआधी रांगेत उभे राहून कळलेले असते.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत आई बांधावरून पडली. हात सुजला म्हणून तिला तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेले. सोबत वहिनी होती, तिला पाचवा महिना होता. फोटो काढायच्या खोलीच्या दाराला लागूनच बाक होता. त्यावर सात-आठ बाया दाटीवाटीने बसलेल्या, दोघींच्या मांडीवर लेकरे. आत आईचा हात यंत्राखाली ठेवला गेला आणि दार सताड उघडे असतानाच त्या मुलाने खटका दाबला. आईचे झाल्यावर दुसरीला बोलावले, तेव्हाही दार तसेच. मी उठून म्हटले, "दादा, दार लावून घ्या ना." तो नम्रपणे म्हणाला, "ताई, आत गर्मी लय होते. काही होत नाही." बाहेर आल्यावर आई माझ्यावरच चिडली, "डाक्टरच्या मानसाले शिकवतं काय तू? उद्या हात कोन पाहीन मंग?" आम्हाला गप्प बसायला कोणी शिकवावे लागत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळले.

महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना मी हे सांगितले. त्यांनी आधी माझी भीती कमी केली. छातीच्या एका फोटोतून फार तर एक दशांश मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग अंगात जातो. जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाकाठी जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. बाकावर बसलेल्या वहिनीपर्यंत पोहोचला असेल तो त्याहूनही किती तरी कमी. "पण," सर म्हणाले, "तो मुलगा रोज किती फोटो काढतो? त्याच्या शर्टावर बिल्ला होता का?" बिल्ला नव्हता. किरणोत्सर्गात काम करणाऱ्याने तो छातीवर लावायचा असतो, दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरणे पडली ते कळते. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसाला १, अशी मर्यादा आहे. मर्यादा आहे, पण मोजलेच नाही तर ती ओलांडली की नाही हे कोणाला कळणार? तो मुलगा आमच्या शेजारच्या गावचा, बारावी झालेला. वयाने माझ्याएवढाच असेल.

हे पाहायचे कोणी? १५ नोव्हेंबर १९८३ रोजी केंद्र सरकारने अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन केले. तारापूरच्या अणुभट्टीपासून तालुक्यातल्या क्ष-किरण यंत्रापर्यंत सर्वांवर देखरेख त्याची. मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईला अणुशक्तीनगरात, म्हणजे बुलडाण्याहून ४०० किलोमीटरच्या पलीकडे. २०१२ साली महालेखापरीक्षकांनी या मंडळाच्या कामाचा अहवाल दिला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी अवघ्या ५,२७० केंद्रांची मंडळाकडे नोंद होती. शंभरातली एक्याण्णव केंद्रे बिननोंदणीची! राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालये उभारावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले होते, आणि बहुतेक राज्यांनी ते मनावर घेतले नाही, हेही त्याच अहवालात आहे. केरळने असे संचालनालय उभारले होते. पुढे नोंदणी संगणकावर आली, आकडे सुधारले. परंतु संगणक दार उघडे आहे की बंद, हे पाहायला येत नाही.

'अणुशक्ती हा केंद्राचा विषय, राज्य काय करणार?' हे उत्तर मी वर्गातही ऐकले आहे. मला ते पटत नाही. त्याच दवाखान्यात, त्याच ओळीत, दोन दारे सोडून सोनोग्राफीची खोली आहे. त्या यंत्रात ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्गाचा संबंधच नाही. तरी तिथे नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले, गर्भलिंग सांगितले जात नाही अशी ठळक मराठी पाटी, आणि तपासणीला जिल्ह्यातलेच अधिकारी. १९९४ चा तो कायदाही संसदेनेच केला, पण राबवायला जिल्ह्याच्या हाती दिला. त्यामुळे माझ्या निरक्षर आजीलाही ठाऊक आहे की त्या खोलीत काय विचारायचे नसते. क्ष-किरणांच्या दारावर मात्र एक मराठी ओळ नाही. गरोदर बाईने आत जाण्याआधी तसे सांगावे, एवढे तरी लिहिता आले असते.

माझा एक वर्गमित्र म्हणतो, आणखी एक निरीक्षक म्हणजे आणखी एक हप्ता. त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. सोनोग्राफीच्या तपासण्याही सगळ्या धुतल्या तांदळासारख्या असतील असे नाही. पण हप्ता घेणाऱ्या अधिकाऱ्याचे निदान नाव-गाव ठाऊक असते, त्याच्या दारात जाऊन बसता येते. अणुशक्तीनगरच्या दारात आमची आई कशी जाऊन बसणार?

आणि राज्य यातून कुठे अंग काढून घेते? जैतापूर प्रकल्पासाठी जमीन घ्यायला महसूल खाते राज्याचे. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्याला गोळीबार झाला, एक माणूस मेला, ते पोलीस राज्याचे. उद्या तारापूरला अपघात झालाच तर गावे रिकामी करायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. एप्रिल २०२५ मध्ये तर राज्याच्या महानिर्मिती कंपनीने थोरियमच्या छोट्या अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसॅटॉमशी सामंजस्य करार केला. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून अणुवीज निर्मितीत खाजगी कंपन्यांना वाट मोकळी केली. मंडळाला त्यात कायद्याचे पाठबळ मिळाले, ही चांगली गोष्ट. परंतु जमीन राज्याची, पोलीस राज्याचे, करारही राज्याचा, आणि मोजायची वेळ आली की विषय केंद्राचा, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही.

किरणोत्सर्गाचा धोका अणुभट्टीतच असतो असेही नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघाले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले जुने, १९८५ पासून पडून असलेले यंत्र लिलावात विकले गेले होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. त्यात एकाचा मृत्यू झाला. विद्यापीठात हे घडले, तर आमच्याकडे भंगारात काय येते ते कोण तपासणार?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा मी बारावीत होते. आधी पाण्यावर बोट ठेवले गेले. दिल्ली-चेन्नईहून शास्त्रज्ञ आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. किरणोत्सर्गाचा काही संबंध नव्हता, पण आमच्या वसतिगृहात तीही अफवा उठली होती. 'आम्ही मोजले, तसे काही नाही' असे जिल्ह्यातल्याच कोणी त्या दिवशी सांगितले असते तर आम्ही मुली रात्रभर आपापल्या वेण्या ओढून पाहत बसलो नसतो.

असो. वहिनीला मुलगी झाली, चांगली आहे. आईचा हात दाखवायला गेल्या महिन्यात पुन्हा त्या दवाखान्यात गेलो होतो. बाक दारापासून हलवून जिन्याखाली ठेवला आहे. दार या वेळी लावले होते. त्या मुलाला विचारले, "बिल्ला मिळाला का?" तो म्हणाला, "कसला बिल्ला, ताई?"