गुणवत्तेची कागदपत्रे

देवस्थानांच्या सभामंडपांत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात आणि कोणी वडीलधारे गृहस्थ हमखास सांगतात की, दारिद्र्य हे संस्कारांच्या अभावाचे फळ होय. त्या वाक्यास आम्हीही टाळ्या वाजविल्या आहेत. परंतु बिदर जिल्ह्यातील राजेश्वरसारख्या गावाकडे वकिलाच्या नजरेने पाहिले म्हणजे ते विधान क्षणभरही टिकत नाही.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तर उर्दूत; ज्याच्या घरात उर्दू जाणणारा माणूस, त्याची जमीन कागदावर सुरक्षित. १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला. कसणाऱ्यास संरक्षण मिळाले खरे, पण ज्याची नोंद होती त्यास! तोंडी बोलीवर बटाईने कसणाऱ्याची साक्ष कोण देणार? बांधावरची बाभळ? १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला व पुढे दफ्तर कन्नड झाले. घरी मराठी बोलणाऱ्या सुशिक्षितांनी कन्नड आत्मसात केली, त्यांच्या मुलांनी इंग्रजी. पिढीगणिक नवी भाषा शिकावयास जी सवड लागते, तिलाच आम्ही संस्कार हे नाव दिले आहे.

२०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने या भागातील जन्माच्या वा रहिवासाच्या लोकांसाठी शिक्षणात व राज्याच्या नोकऱ्यांत जागा राखण्याची तरतूद केली. आम्ही तिचे समर्थकच आहोत. पण तेथेही दाखला हवा. आईबापांमागून पुण्यास वा हैदराबादेस कामावर गेलेल्या, शाळेच्या पटावरून दोनदा नाव कमी झालेल्या पोरास आपण इथलेच आहो हे सिद्ध करता करता प्रवेशाची मुदत संपते. वाड्यातल्या मुलाचे कागद कपाटात लावलेले असतात.

राजेश्वरहून जवळच बसवकल्याण. बाराव्या शतकात तेथील शरणांत सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारा मारय्या होता, असे परंपरा सांगते. श्रमालाच त्यांनी कायक म्हणून पूजेचे स्थान दिले. आम्ही त्या स्थळी भक्तिभावाने जातो आणि परत येताना हमालाशी चार आण्यांसाठी हुज्जत घालतो, अशी आमची एकूण भक्ती!

कोणी म्हणेल, आम्हीही कष्टानेच शिकलो. शिकलो; पण शहरात मामांच्या ओसरीवर राहून, मामींच्या हातचे जेवून. तो खर्च सत्काराच्या भाषणात कोणी वाचून दाखवीत नाही. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली, ती ज्यांना अशी ओसरी नव्हती त्यांच्यासाठी.

आमच्या देवस्थानच्या विद्यार्थी निधीच्या नियमांत ‘ज्ञातीतील गुणवंत’ असे शब्द आहेत. त्यांतील पहिला शब्द वगळावा आणि दुसऱ्याऐवजी ‘गरजू’ घालावा, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडीत आहो. सूचक म्हणून आमचे नाव दिले आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.