एका बिस्किटानं का होते?

आमच्या खंड्याचे लाड करायला येणाऱ्या तमाम मामा-काका-आत्यांनो, आजचं लिखाण खास तुमच्यासाठी. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

खंड्या वर्षभर खाजवतोय. पंजे चाटून चाटून लाल, कान सुजलेले, पोटावरचे केस गेलेले. गोचीड, पिसवा, खरूज हे सगळं डॉक्टरांनी तपासून निकालात काढलं. मग कुणीतरी सुचवलं, रक्त पाठवा. काही हजार मोजल्यावर हातात लांबलचक यादी पडली. त्यात टर्कीचं मांससुद्धा! वर्ध्यात टर्की कोण खाऊ घालतं हो?

रक्ततपासणी अगदीच फुकट असते असं नाही. धूळ, परागकणांच्या ॲलर्जीवर कोणती इंजेक्शनं द्यायची हे ठरवताना ती कामी येते. अन्नाच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. केस-लाळेच्या चाचण्यांची तर गंमतच. २०१९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात खेळण्यातले नकली केस पाठवले, तर त्यांनाही ॲलर्जी निघाली!

मग खरी तपासणी कोणती? तीच, जी तुम्हाला 'थेरं' वाटते. पूर्वी कधी न खाल्लेलं एक मांस, एक कंद, आणि आठ आठवडे दुसरं काही म्हणजे काहीही नाही. खाज कमी झाली तर जुनं अन्न परत द्यायचं. पुन्हा सुरू झाली, तर चोर सापडला. कमी झालीच नाही, तर दोष ताटात नाही, हवा-धुळीत शोधायचा.

२०१६ च्या एका आढाव्यात कुत्र्यांना बाधणाऱ्या पदार्थांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू सगळ्यात वर होते. आणि खंड्या वाढला कशावर? दूध-पोळी आणि चिकनचं विकतचं खाद्य! म्हणून आमच्या शाकाहारी घरात बोकडाचं मटण आणि रताळी शिजू लागली. आईनं नाक दाबून का होईना, पण शिजवली. सहाव्या आठवड्यात तो रात्रभर शांत झोपू लागला.

आणि मग मामा आले. त्यांनी प्रेमानं गोरसपाक भरवला. "एका बिस्किटानं का होते?"

मामा, गोरसपाक वर्ध्याची शान आहे, कबूल. पण त्यात गहू असतो. तीन दिवसांत कान पुन्हा लाल. आणि त्यानं काय सिद्ध झालं? काहीच नाही! गहू, की तुम्ही गुपचूप आणखी काही दिलंत, कसं कळणार? आईचे सहा आठवडे पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

आणि हो, "घरचं ते चांगलंच" हेही डोक्यातून काढा. २०१३ साली अमेरिकेत घरगुती श्वान-आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत एखादं तरी आवश्यक पोषणद्रव्य कमी निघालं. नुसतं मटण-रताळं तपासणीपुरतं ठीक, जन्मभर नाही. पुढचं ताट कॅल्शियमसकट डॉक्टरांना विचारूनच.

असो. खंड्याला बोलता येत नाही, म्हणून मी बोललो. या, त्याच्याशी खेळा, चेंडू फेका. गोरसपाक मात्र मला द्या.